कुंडीतील टोमॅटो : फवारणीआधी मुळांकडे पाहावे

केरळमधील घरांच्या गच्च्यांवर ग्रो बॅगमधील भाजीपाला आता नवलाचा राहिलेला नाही. राज्याच्या कृषी खात्याने भाजीपाला विकासाच्या योजनांतून रोपे, बियाणे व भरलेल्या पिशव्या घरोघरी पोहोचवल्या. बाहेरून येणाऱ्या भाजीतील कीटकनाशकांच्या अवशेषांची धास्ती हे या चळवळीमागील एक मोठे कारण होते. घरच्या ताटात येणारी भाजी तरी निर्धोक असावी, ही त्यामागील साधी अपेक्षा. परंतु गच्चीवरच्या टोमॅटोने मान टाकली की पहिला हात फवारणी पंपाकडेच जातो. ज्या भीतीपोटी पिशवी घरात आली, तीच भीती अशा रीतीने पुन्हा ताटात उतरते. दुर्दैव असे की, यांपैकी अनेक झाडांना किडीने ग्रासलेले नसतेच. त्यांची मुळे गुदमरलेली असतात.

मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे 10,000 पट मंद गतीने पसरतो. उष्ण हवेत पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणखी घटतो आणि मुळांची गरज मात्र वाढते. टोमॅटोमध्ये याचा परिणाम फसवा असतो. गुदमरलेल्या मुळांत इथिलीनचे पूर्वद्रव्य साठते, ते पाण्याबरोबर पानांपर्यंत जाते आणि तेथे प्राणवायू मिळताच त्याचे इथिलीन बनते. त्यामुळे देठाच्या वरच्या बाजूची वाढ अधिक होऊन हिरवी पानेदेखील खाली वळतात. पाहणाऱ्याला झाड तहानलेले वाटते. तो आणखी पाणी घालतो किंवा औषध फवारतो. दोन्ही उपाय व्यर्थ, आणि पहिला तर घातकच.

कुंडी म्हणजे शेताचा लहान तुकडा नव्हे. शेतात जादा पाणी खालच्या थरांत ओढले जाते; कुंडीत मात्र तळाशी एक संपृक्त थर टिकून राहतो. त्याची उंची भरलेल्या मिश्रणाच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. म्हणूनच उथळ कुंडीत मुळांना कोरडी जागा फारच थोडी उरते. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातल्याने निचरा सुधारतो, हा समज सर्वत्र रूढ आहे. वास्तवात तो ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी आक्रसते. खात्री करून घेणे सोपे आहे. पाणी दिल्यानंतर निथळणे थांबू द्यावे आणि मग कुंडी तिरपी करावी. पुन्हा पाणी वाहू लागले, तर तेवढे पाणी तळाशी अडकून होते.

कीटकशास्त्राच्या दृष्टीनेही ही ओल महत्त्वाची आहे. सतत ओलसर सेंद्रिय मिश्रणावर फंगस नॅट नावाची बारीक काळी चिलटे अंडी घालतात. काळ्या डोक्याच्या त्यांच्या पारदर्शक अळ्या वरच्या काही सेंटिमीटर थरात बुरशीवर जगतात आणि कोवळी मुळेही कुरतडतात. पानांवर मारलेले कीटकनाशक या अळ्यांपर्यंत पोहोचत नाही. मिश्रणाचा वरचा थर दोन पाण्यांमध्ये सुकू देणे हाच त्यांच्यावरील पहिला उपाय. चिकट पिवळे सापळे प्रौढ चिलटांची संख्या समजण्यास पुरेसे ठरतात.

अर्थात प्रत्येक मर निचऱ्यामुळे होत नाही. केरळच्या आम्ल जमिनीत जिवाणूजन्य मर मोठी समस्या आहे. केरळ कृषी विद्यापीठाचे शक्ती, मुक्ती व अनघा हे वाण याच रोगाला प्रतिकारक्षम म्हणून ओळखले जातात. निदानासाठी खोडाचा ताजा काप स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगावा. त्यातून दुधाळ धार उतरली, तर रोग जिवाणूंचा आहे. धार नाही, मिश्रण ओले आहे आणि मुळे पांढरी असण्याऐवजी तपकिरी व मऊ झाली आहेत, तर दोष निचऱ्यात शोधावा. दोन्ही बाबतींत कीटकनाशकाला काहीही काम नाही.

उपाय खर्चिक नाहीत. पिशवी किमान 30 सेंटिमीटर खोल असावी. ती थेट स्लॅबवर ठेवल्यास तळाची छिद्रे बंद होतात. म्हणून ती दोन विटांवर उचलून ठेवावी. नुसती माती भरू नये. क्षार धुतलेले कोकोपीट, चांगले कुजलेले कंपोस्ट व भाताचे तूस किंवा जाड वाळू मिसळून मिश्रण भुसभुशीत करावे. पाणी घड्याळ पाहून नव्हे, तर बोट मिश्रणात खुपसून द्यावे.

मोकळ्या मिश्रणाने उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते आणि पाण्याबरोबर अन्नद्रव्येही वाहून जातात, हा आक्षेप रास्त आहे. पाण्याची ओढ बसून पुन्हा एकदम भरपूर पाणी मिळाले, तर फळांचे बूड काळे पडते, हेही खरे. परंतु आच्छादन करून व खत थोडे थोडे विभागून देऊन ही उणीव भरून काढता येते. कुजलेले मूळ मात्र परत येत नाही.

योजनांचे यश वाटलेल्या पिशव्यांच्या संख्येवर मोजले जाते, तोवर हा दोष दिसणार नाही. विस्तार कार्यकर्त्याच्या भेटीची सुरुवात पानावरील किडीपासून न होता पिशवीच्या तळाच्या छिद्रापासून झाली पाहिजे. प्रशिक्षणातही फवारणीच्या प्रात्यक्षिकाआधी कुंडी तिरपी करण्याचे प्रात्यक्षिक असावे. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे पहिले सूत्र निदान हे आहे, आणि कुंडीतील टोमॅटोचे निदान मुळांपाशी सुरू होते.