बर्फ बघितला, पुढे काय?

व्हिएन्नाहून परत येऊन पंधरा दिवस झाले. धाराशिवात, कळंबला, लातूरला मावशीकडे, जिथे जावं तिथे एकच प्रश्न. "बर्फ बघितला का?" बघितला. "किती होता?" घोट्यापर्यंत. "फोटो?" आहेत की. मग फोटो हातोहात फिरतात, चहा येतो आणि विषय संपतो. तो तिथेच संपतो याचा मला राग आहे, आणि आज तो काढणार आहे. नातेवाईक मंडळींनी मनावर घ्यावं, फक्त पुढच्या वेळी चहा बंद करू नये :)

आधी कबुली. पहिले तीन दिवस मीही हेच केलं. पुतण्या तिकडे नोकरीला, त्याला नाताळची सुट्टी, म्हणून आम्ही दोघं गेलो. श्टेफान चर्चच्या छपरावर बर्फ, फोटो. श्योनब्रुन राजवाड्याच्या बागेत बर्फ, फोटो. नाताळचा बाजार, हातात वाफाळता पेला, फोटो. हिने बर्फाचा गोळा करून मला मारला, त्याचाही फोटो. आमच्याच नशिबाने बर्फ होता म्हणायचा, कारण हल्ली व्हिएन्नातही तो दर नाताळला पडेलच असं नाही.

चौथ्या दिवशी एका जुन्या कॉफीहाउसात बसलो. तिथे कॉफीबरोबर ट्रेमध्ये पाण्याचा एक छोटा ग्लास न मागता येतो. शेजारच्या टेबलावर आपल्याकडचंच एक कुटुंब होतं. त्यांनी तो ग्लास बाजूला सारला आणि बाटलीचं पाणी मागवलं. खोटं कशाला सांगू, मीही तेच करणार होतो. पुतण्या म्हणाला, "काका, नळाचंच आहे, प्या. डोंगरावरनं येतंय."

कुठल्या डोंगरावरनं? मग मात्र मी त्याला सोडला नाही.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाची दशा आपल्याहून काही बरी नव्हती. विहिरींत सांडपाणी झिरपायचं, टायफॉइड आणि कॉलरा ठरलेले. एडुआर्ड झ्यूस नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ होता. पृथ्वीवरच्या जुन्या महाखंडाला आपल्या गोंडवनावरून 'गोंडवाना' हे नाव देणारा तोच हा. तो नगरसभेत शिरला आणि शहराला पटवत राहिला की जवळच्या नदीचं पाणी उपसू नका, आल्प्सच्या झऱ्यांचं आणा. 1873 च्या ऑक्टोबरात ते पाणी शहरात पोचलं. 1910 साली दुसरी वाहिनी आली. ती साधारण 180 किलोमीटर लांब आहे आणि तिच्यातून शहरात यायला पाण्याला दीड दिवस लागतो. वाटेत पंप नाही. सगळा उताराचा खेळ. डोंगरावर पडलेला बर्फ वितळतो, चुनखडीच्या खडकात मुरतो, झऱ्यातून निघतो आणि वीस लाख लोकांच्या नळाला येतो. त्या झऱ्यांभोवतीचं हजारो हेक्टर जंगल शहराने ताब्यात ठेवलंय. 2001 साली तर हे पाणी खाजगी हातात जाऊ नये म्हणून शहराच्या घटनेतच तरतूद केली.

1873 च्या त्या दिवसाची खूण म्हणून श्वार्झेनबर्ग चौकात एक मोठं कारंजं आहे. आम्ही पाचव्या दिवशी मुद्दाम गेलो. थंडीत तिथली कारंजी बंद असतात. कोरडं टाकं आणि त्यात थोडा बर्फ. फोटो काढावा असं काही नव्हतंच. आम्हा दोघांखेरीज तिथे कुणी थांबलंही नाही. माझ्या मते आम्ही त्या दहा दिवसांत जे काही बघितलं, त्यात हे सगळ्यात वरचं.

आता तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. "त्यांच्याकडे आल्प्स आहे, आपल्याकडे काय आहे?" हा प्रश्न लातूरच्या मावशीने विचारलाच. मावशी, तुझं अर्धं बरोबर आहे. बर्फ ही तिजोरी आहे, हिवाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात हळूहळू उघडते. आपला पाऊस चार महिन्यांत येतो आणि काळ्या खडकावरून पळून जातो. पण खुद्द व्हिएन्ना शहरात वर्षभरात पडतं ते साडेसहाशे मिलीमीटरच्या आसपास, आपल्या जिल्ह्याचीही गत तीच. ते शहर आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसावर जगत नाही. ते एकोणिसाव्या शतकात घेतलेल्या एका निर्णयावर आणि तो दीडशे वर्षं न मोडण्यावर जगतं.

आपल्याकडे असं डोकं नव्हतं असंही नाही. नळदुर्ग बघा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. तिथे आपण केव्हा जातो? पावसाळ्यात, नर-मादी धबधबे सुरू झाले की. गाडी लावायची, ओलं व्हायचं, फोटो काढायचा, येताना तुळजापूर करून घरी. पाणी अडवायचं कुणाला सुचलं, भिंत कशी टिकली, त्यापुढच्या चारशे वर्षांत आपण काय केलं, हे कुणी विचारत नाही. म्हणजे दोष व्हिएन्नाचा नाही आणि नळदुर्गचाही नाही. दोष आपल्या बघण्याचा आहे. तिकडे बर्फ बघतो, इकडे धबधबा बघतो, पाणी कुठेच बघत नाही.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. साधारण साडेतीनशे किलोमीटर, इंजिन लावून. ती गाडी बार्शी, उस्मानाबाद करत आपल्याच जिल्ह्यातून गेली. तेव्हा आमच्या गावात टँकरपुढे घागरींचा नंबर लागायचा आणि आई पहाटे चारला उठून रांगेत घागर ठेवून यायची. तेव्हाही लोक ती गाडी बघायला गेले, मोबाइलवर फोटो काढले. पाऊस पडला, आपण विसरलो. ऊस पुन्हा लागला, कारण बाकी कशालाही तेवढा भरवशाचा भाव नाही. शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. पण तहानलेल्या जिल्ह्यात उसालाच तेवढी खात्रीची बाजारपेठ का, हे विचारायला विमानाचं तिकीट लागत नाही.

काही जण म्हणतील, "सुट्टीला गेलास, मजा कर की, हे कशाला उगाळतोस?" मजा केली. गोळा खाल्ला, गोळा मारला. पण आईच्या घागरीचा नंबर ज्याने पाहिलाय, त्याने वीस लाखांच्या शहरात नळाचं पाणी ओंजळीने पिऊन "मस्त थंड आहे" एवढंच म्हणून पुढे जायचं, हे मला जमलं नाही. आणि ते जमू नये असंच मला वाटतं. एवढा पैसा घालून लांब जायचं तर ज्याची आपल्याला वानवा आहे ते तिथे कसं चालतं, एवढं तरी बघून यावं. त्याला वेगळं तिकीट नाही.

पुढच्या महिन्यात भाचा सहकुटुंब प्रागला निघालाय. आत्ताच फोन आला होता, जाड बूट कुठले घ्यावेत म्हणून. बूट सांगितले. शिवाय सांगितलं, की कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास आला तर पी, आणि ते कुठून आलं ते विचारून ये. आल्यावर मी फोटो बघणार नाही, तेवढंच विचारणार आहे.

तोवर या उन्हाळ्यात, धबधबा कोरडा असताना, एकदा नळदुर्गला जाऊन बांध नीट बघायचाय. कुणी येतंय का सोबत?