घरून काम : सोय कुणाची, तोटा कुणाचा?

मार्च २०२०च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या आणि पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेलेली आपली मुले इंदूरला परतली. पुढे बऱ्याच कंपन्यांनी माणसे परत बोलावली. तरी घरून काम करणारे आजही पुष्कळ आहेत. भाडे वाचते, आईच्या हातचे जेवण मिळते, म्हणून आपण खूश. पण मंडळी, मुलगा घरी आला म्हणजे समाजात आला असे होत नाही. तो खोलीचे दार लावून बसला आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, ही खबर देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? 'वरचेवर' म्हणणारे शंभरात जेमतेम १७ निघाले. बाकीच्यांना खबर दिली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी! जिवलगांना बहुधा आपल्याला ठाऊक तेच ठाऊक असते. नवी बातमी आणतो तो लांबच्या ओळखीचा. अशी ओळख जिन्यात, चहाच्या टपरीवर होते. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांवर अमेरिकी कर्मचाऱ्यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सांगतो : घरून काम सुरू होताच माणसे आपापल्या गटात अडकली, गटागटांतले दुवे विरळ झाले.

होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या आपल्याला हे ग्रंथातून शिकायला नको. परमुलखात आपण टिकलो ते अशाच ओळखींवर. कोण कुणाचा हे गणपतीच्या मांडवात कळायचे. स्थळ, भाड्याची खोली, नोकरी यांचीही खबर तिथेच लागायची.

घरून काम वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. तान्हे मूल किंवा अंथरुणावरचे सासरे सांभाळणाऱ्या सुनेची नोकरी त्यामुळेच टिकते. पण जागा आपली, वीज आपली आणि रात्रीचे दहाही कंपनीचे, हा कुठला न्याय? फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने मान्य आहे. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तसे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. मते मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला याचा जाब विचारा.

आणि स्वतःलाही विचारा. मंडळाचे सभागृह सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद का? तिथे टेबले मांडा, इंटरनेट घ्या, दुपारचा चहा ठेवा. मुलामुलींना तिथे बसून काम करू द्या. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव आलाच पाहिजे.