मोरिशस बेटाचा वारा व अंदाज वाचण्याची रीत

"वेधशाळेनें पाऊस सांगितला, आणि आमच्या शेतांत थेंबही पडला नाहीं," ही तक्रार ऐकूं आली नाहीं असा एकही पावसाळा आमच्या आठवणींत नाहीं. तालुक्याच्या कचेरींत पावसाचे आंकडे वहींत उतरवून वर धाडण्याचें काम आम्हीं पुष्कळ वर्षें केलें आहे. कचेरीच्या आवारांतील पर्जन्यमापकांत सकाळीं दोन इंच पाणी निघावें, आणि त्याच दिवशीं दुपारीं चार कोसांवरच्या गांवचे शेतकरी "पेरणी करपून चालली" असा अर्ज घेऊन दारांत उभे राहावेत, असा प्रसंग आम्हांवर अनेकदां आला. दोघेही खरें सांगत होते. पर्जन्यमापक खोटा नव्हता, आणि शेतकरीही खोटा नव्हता. खोटी होती ती एका जागेचा पाऊस साऱ्या तालुक्याचा मानण्याची रीत.

ही गोष्ट वाचकांच्या मनांत ठसावी म्हणून आज आम्ही एका दूरच्या, परंतु अगदींच परक्या नव्हे अशा बेटाचें उदाहरण घेतों. हिंदी महासागरांत विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर मोरिशस बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढें. १८३४ पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर तेथील ऊसमळ्यांवर नेले जाऊं लागले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले रत्नागिरीकडील लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथें मराठी म्हणूनच ओळखले जातात, आणि गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुट्टी असते. तेव्हां तेथील पावसापाण्याशीं आपलें हें एक नातें झालें.

दुसरें नातें वाऱ्याचें आहे, आणि तें याहून जुनें. मोरिशसच्या दक्षिणेस महासागरावर अधिक वायुभाराचा एक विस्तीर्ण प्रदेश असतो. तेथून निघणारे आग्नेयेकडील वारे बाराही महिने, आणि मे ते ऑक्टोबरच्या त्यांच्या हिंवाळ्यांत विशेष जोरानें, या बेटावरून वाहतात. यांसच व्यापारी वारे म्हणतात. हेच वारे उत्तरेकडे सरकत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळें उजवीकडे वळतात, आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन आपल्या कोंकणावर येतात. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभीं सर गिल्बर्ट वॉकर यांनीं हिंदुस्थानच्या पावसाचें गणित मांडिलें तेव्हां हिमालयांतील बर्फ, दक्षिण अमेरिकेचा वायुभार व झांझिबारचा पाऊस यांच्या जोडीस मोरिशसचा मे महिन्यांतील वायुभारही त्यांनीं गमक म्हणून घेतला होता.

आतां बेटाची रचना पाहा. मध्यभागीं उंच पठार आहे, त्यावर क्यूरपीप व वाकोआ हीं गांवें वसलीं आहेत. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढें ठेंगणेंच. तरी तेवढी उंची पुरते. समुद्रावरचा ओला वारा पूर्वेच्या उतारावर चढतो, थंड होतो आणि पठारावर सरी टाकतो. पश्चिमेकडे उतरेपर्यंत तो कोरडा झालेला असतो. त्यामुळें वर्षाचा पाऊस पूर्व किनाऱ्यास सुमारें १,५०० मिलिमीटर, पठारावर सुमारें ४,०००, आणि पश्चिम किनाऱ्यास सुमारें ९०० पडतो. इंचांत सांगावयाचें तर साठ, एकशेंसाठ आणि पस्तीस. ज्यांनीं महाबळेश्वराचा दोनशें इंचांवरचा पाऊस पाहिला आहे आणि फलटणकडे वीस इंचांत पीक काढिलें आहे, त्यांस हें नवल वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, आपली ओली बाजू पश्चिमेची, त्यांची पूर्वेची. आणि आपल्यास जें अंतर बैलगाडीनें दोन-तीन दिवसांचें, तें तेथें अर्ध्या दिवसाचें आहे.

अशा बेटाचा नित्याचा अंदाज फार थोडक्या शब्दांचा असतो. पठारावर व पूर्वेच्या उतारावर अधूनमधून हलक्या सरी, विशेषतः रात्रीं व पहांटे. इतरत्र बहुतेक उघाडी. वारा पूर्व-आग्नेयेचा, मोकळ्या जागीं झोत अधिक. खडकांच्या कड्यापलीकडे समुद्र खवळलेला, तेथें जाऊं नये. हिंवाळ्यांत दिवसामागून दिवस जवळजवळ हेंच वाक्य येतें. परका मनुष्य म्हणेल, हें रोज छापण्यांत अर्थ काय? परंतु तेथील ऊसवाला त्यांतील एकही शब्द वायां जाऊं देत नाहीं. तो पठारावरचा असेल तर त्यास कळतें कीं उद्यां तोडणीच्या गाड्या चिखलांत रुततील. तो पश्चिमेच्या कास्कावेल गांवचा असेल तर त्यास कळतें कीं हा पाऊस आपला नव्हे, पाटाच्या पाण्याची सोय पाहिली पाहिजे. अंदाज एकच, वाचणारे दोन, आणि दोघांचीं कामें निराळीं. येथें अंदाजाचें अर्धें काम वेधशाळा करिते, आणि उरलेलें अर्धें आपली जागा ओळखणारा शेतकरी करितो. आमचें आजचें म्हणणें एवढेंच आहे.

यावर कोणी म्हणेल, वारा जर इतका नेमाचा आणि शेतकऱ्यास जागा जर ठाऊकच आहे, तर अंदाज हवा कशाला? याचें उत्तर वारा नेम सोडतो त्या दिवसांत आहे. वारा पडला कीं किनाऱ्याकडून चोहों बाजूंनीं समुद्राचे वारे आंत शिरतात, दुपारनंतर ढग उभे राहतात, आणि एरवीं कोरड्या असणाऱ्या पश्चिमेच्या व मधल्या भागांतही गडगडाटासह मोठी सर कोसळते. आणि नोव्हेंबर ते एप्रिल या त्यांच्या उन्हाळ्यांत तर चक्रीवादळाचें भय असतें. नित्याचा वारा माणसास निर्धास्त करितो, आणि निर्धास्त माणूसच अधिक ठकतो.

२९ एप्रिल १८९२ रोजीं, वादळांचा हंगाम सरत आला असतां, असें एक वादळ पोर्ट लुई या राजधानीवरून गेलें. मध्येंच वारा पडला. तो वादळाचा मध्य होता. लोकांस वाटलें संकट टळलें. थोड्याच वेळानें उलट दिशेनें वारा सुटला, आणि मोठा नाश त्यानेंच केला. सुमारें बाराशें माणसें त्या दिवशीं गेलीं. फेब्रुवारी १९६० मध्यें कॅरोल नांवाचें वादळ आलें तेव्हां हजारों घरें जमीनदोस्त झालीं, आणि त्या सालचें साखरेचें उत्पन्न आदल्या सालच्या निम्म्याहूनही खालीं आलें. फेब्रुवारी १९७५ मधील जर्व्हेज वादळांत वाऱ्याचा झोत ताशीं २८० किलोमीटरपर्यंत मोजला गेला.

या अनुभवावरूनच त्या देशांत अंदाजाचें शास्त्र लौकर वाढलें. चार्ल्स मेलड्रम यांनीं १८५१ मध्यें तेथें हवामानमंडळ स्थापण्यांत पुढाकार घेतला, बंदरांत येणाऱ्या गलबतांच्या रोजनिशींतून वाऱ्याच्या नोंदी जमविल्या, आणि त्यांवरून वादळें कशीं फिरतात व कोणीकडे जातात तें ताडिलें. पुढें पाम्प्लेमूस येथें वेधशाळा झाली. सूर्यावरील डागांशीं वादळांचा संबंध आहे असेंही मेलड्रम यांस वाटत असे. तो तर्क अंदाजाच्या कामीं आला नाहीं. परंतु नोंदी राहिल्या, आणि त्या उपयोगी पडल्या. तर्क चुकला तरी वही चुकत नाहीं, हें आम्हां कारकुनांचें जुनें मत येथें खरें ठरलेलें पाहून आम्हांस समाधान वाटतें.

तथापि त्या देशाचें सर्वच अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें पुष्कळ वर्षें वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असत. पहिला ३६ ते ४८ तास अगोदर, दुसरा दिवसाउजेडीं सुमारें बारा तास हातीं राहावेत असा, तिसरा सहा तास राहावेत असा, आणि चौथा ताशीं १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष मोजले गेले म्हणजे. हे चारही वर्ग वाऱ्याच्या मापानें ठरलेले होते. परंतु ३० मार्च २०१३ रोजीं पोर्ट लुई शहरांत तास-दोन तासांत दीडशें मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि अकरा माणसें दगावलीं. तेव्हां चक्रीवादळ नव्हतें. १५ जानेवारी २०२४ रोजीं बेलाल वादळाच्या वेळीं लोक सकाळीं कामावर गेले, आणि पाहतां पाहतां राजधानीचे रस्ते नद्यांसारखे वाहूं लागले, मोटारी पाण्याबरोबर गेल्या. इशारा वाऱ्याच्या मापाचा, आणि घात केला पाण्यानें! शिवाय पोर्ट लुई हें डोंगराच्या आडोशाचें, कोरड्या बाजूचें शहर. जेथें पाण्याची संवय नाहीं तेथेंच तें अधिक नडतें. ज्या मापानें इशारा द्यावयाचा तें माप प्रत्यक्ष भयाशीं जुळलें पाहिजे, हा धडा त्यांस फार महाग पडला. तो आपणांस फुकट मिळत आहे, तर आपण तो घ्यावा.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९४५ सालच्या वादळांनीं उसाची मोठी हानि झाल्यावर १९४६ मध्यें त्या बेटावर वादळ व अवर्षण यांसाठीं ऊसवाल्यांचा विम्याचा फंड काढण्यांत आला. अंदाजानें पीक वाचत नाहीं, फार तर माणूस व गुरें वाचतात. पिकाची भरपाई हिशेबानें होते, हें त्यांनीं ओळखिलें. आणि हिशेब करावयाचा तर जागोजागच्या पावसाची व पिकाची नोंद लागते. तेथील ऊसमळ्यांवर पावसाची नोंद ठेवण्याची चाल फार जुनी आहे, तिचा अशा वेळीं उपयोग होतो.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या राज्यांत हल्लीं महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रें झालीं आहेत, हें पूर्वीच्या तालुक्याच्या एकट्या पर्जन्यमापकापेक्षां निःसंशय बरें. तरी एका मंडळांत कित्येक गांवें असतात, आणि डोंगराच्या या अंगाचा पाऊस त्या अंगास लागू पडत नाहीं. पैसेवारीच्या वेळीं अगर विम्याच्या वेळीं केंद्राचा आंकडा पुढें येतो, आणि ज्याच्या शेतांत पाऊस झाला नाहीं त्याच्या हातीं तोंडच्या शब्दावांचून कांहींच नसतें. आम्हीं असे किती अर्ज "पुरावा नाहीं" म्हणून परत गेलेले पाहिले! त्यांतले कांहीं आमच्याच हातून गेले, हें येथें कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गांवीं निदान दोन शेतकऱ्यांनीं, एकानें वरच्या अंगास व एकानें खालच्या अंगास, पर्जन्यमापक ठेवावा. तो महाग नसतो. झाडापासून व भिंतीपासून दूर मोकळ्या जागीं बसवावा, रोज सकाळीं साडेआठाच्या सुमारास पाणी मोजावें, आणि वहींत तारीख, पाऊस व वाऱ्याची दिशा लिहावी. पाऊस नसेल त्या दिवशीं शून्य लिहावें. रिकामी ओळ सोडूं नये, कारण रिकाम्या ओळीवर कोणाचाच विश्वास बसत नाहीं. महिन्याच्या अखेरीस ग्रामसभेंत ती वही वाचावी. अशी वही सरकारी आंकड्याच्या जागीं लगेच मान्य होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दहा गांवांच्या पांच वर्षांच्या वह्या एकत्र मांडल्या, तर त्यांकडे दुर्लक्ष करणें कोणासही जड जाईल.

त्या वहीचा दुसरा लाभ याहून मोठा आहे. दोन-तीन वर्षांत तुमचें तुम्हांसच कळूं लागेल कीं, वेधशाळेनें "तुरळक ठिकाणीं" म्हटलें म्हणजे आपलें शेत त्यांत सहसा येतें कीं नाहीं. वारा कोणत्या दिशेचा असतां आपल्या डोंगराआड सर उतरते, आणि कोणत्या दिशेचा असतां ती वरच्यावर निघून जाते. वेधशाळेकडेही आमचें एक मागणें आहे. जिल्ह्याच्या नांवानें अंदाज देतांना डोंगराकडील व आडोशाकडील अशा दोन बाजू तरी निराळ्या सांगाव्या. एवढ्याशा बेटास जें जमतें तें आपणांस जमूं नये, असें नाहीं.

वेधशाळेस दोष देणें सोपें आहे, आणि कधीं कधीं तो देणें योग्यही असतें. परंतु ज्यानें स्वतःच्या शेतावरचा पाऊस एक दिवसही मोजला नाहीं, त्यानें तो दोष देण्यापूर्वीं थोडें थांबावें. येत्या मृगापूर्वीं आमच्या वाचकांपैकीं दहा जणांनीं जरी अशी वही उघडली, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.