जीव वाचला, माणूस परत कोण आणणार?

आंबेगाव तालुक्यातील पारगावात भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात, रात्रीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावू लागतात. अशा रस्त्यावर एखादा कामगार पडला, डोक्याला मार लागला, तर पुढे त्याचे काय होते, हा आमचा सवाल आहे.

मेंदूला इजा झालेल्या माणसाची जखम भरते, पण स्मरण जाते, जीभ अडखळते, तोल सुटतो, स्वभाव बदलतो. आंघोळ, जेवण, पैशांचा हिशेब पुन्हा शिकावा लागतो. त्यासाठी महिनोन्‌महिने फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार लागतात. कोपीत राहणाऱ्याला त्यासाठी रोज पुणे गाठणे अशक्य. म्हणूनच निवासी पुनर्वसन केंद्र हवे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण पडला की कोयता मोडतो, मुकादमाची उचल मात्र अंगावर राहते. शुश्रूषा बायकोच्या नाहीतर शाळा सुटलेल्या मुलीच्या वाट्याला येते.

कायदा काय सांगतो? पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेचे सदस्य हकीम शेख 1992 साली रेल्वेतून पडले. डोक्याला गंभीर इजा असताना एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यांना परत पाठवले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, तातडीचा उपचार हा कलम 21 खालील हक्क आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. केंद्राच्या 2025 च्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार मिळतात. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण आठव्या दिवशी काय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम 27 पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. न्यायालयाने उपचाराबाबत फेटाळलेली सबब पुनर्वसनाबाबत कायद्यातच लिहून ठेवली आहे! शिवाय त्याच्या 21 दिव्यांगत्वांच्या यादीत मेंदूच्या इजेचे स्वतंत्र नाव नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया घातला गेला. त्यातून आलेल्या 1948 च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले. त्यांत साखरेचे नाव होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांची ही सूट कायम ठेवली. त्यात ऊसतोड कामगार मुकादमाचा माणूस समजला जातो. म्हणजे साखर गोड, आणि घाम गाळणारा विम्याबाहेर!

हे सरकारला जमत नाही असे नाही. खडकीत पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी निवासी पुनर्वसन केंद्र अनेक दशके चालू आहे. जवानाला ते मिळालेच पाहिजे. मग शेतात राबणाऱ्याला का नाही?

मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाला जोडून असे केंद्र सुरू करावे, त्यात घरच्या माणसालाही राहण्याची सोय व मजुरीची भरपाई द्यावी आणि त्याचा खर्च गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ व आरोग्य खात्याने उचलावा, अशी आमची मागणी आहे. जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत तसे ठराव मांडावेत. वाचलेल्या जिवाला सन्मानाने जगता आले, तरच कलम 21 ला अर्थ आहे. जयभीम.