३५६ मैल

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट उभी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली आणि १९११ साली ते वारले. गाडी आली ती सातव्या निजामांच्या वाट्याला. एवढ्या आयुष्यात ती जेमतेम ३५६ मैल धावली, असे आजही मोठ्या कौतुकाने सांगतात.

कौतुक नेमके कशाचे? ३५६ मैल म्हणजे पावणेसहाशे किलोमीटरही नाहीत. हैदराबादहून बिदर, तिथून हुमनाबादमार्गे गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि परत हैदराबाद, एवढी एकच फेरी मारली तरी त्यातले बहुतेक अंतर संपते. दोन्ही जिल्हे तेव्हा निजामांच्याच राज्यातले. बिदरच्या जांभ्या पठारावरची तांबडी धूळ, तिथून खाली उतरताना ब्रेकवर येणारा ताण, गुलबर्ग्याचे वैशाखातले ऊन, पहिल्या पावसात चाकांना लगडणारी काळी माती. रेडिएटर, क्लच, स्प्रिंगा यांची खरी परीक्षा घेणारा मुलूख दारात होता. ती परीक्षा या गाडीने कधी दिलीच नाही.

गाडी मिरवणुकीसाठीच होती, हे मान्य. मग तिच्या बैठकीचे आणि रंगाचे कौतुक करावे. यंत्राच्या बाबतीत ३५६ हा आकडा काहीच सांगत नाही.

यंत्राचे कौतुक कशाने होते, हे याच जातीच्या दुसऱ्या गाडीने दाखवले होते. १९०७ साली ब्रिटनमध्ये पहिली सिल्व्हर घोस्ट रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांना बसवून १५,००० मैल पळवली. ६२९व्या मैलावर हादऱ्याने पेट्रोलची तोटी बंद झाली, तेवढी एकदाच ती नाइलाजाने थांबली. पण मला त्या पल्ल्याहून मोलाचे वाटते ते पुढचे काम. क्लबने गाडी खोलली. इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, एकेक भाग किती झिजला ते मोजले. झिजलेले भाग बदलण्याचा खर्च निघाला दोन पौंड आणि वर काही शिलिंग. तो जाहीर झाला. कंपनीने स्वतःच स्वतःची पाठ थोपटली नाही. मोजमाप तिऱ्हाइताने केले.

पुढच्याच वर्षी, १९०८ साली, आपल्याकडे मुंबई-कोल्हापूर चाचणी झाली. तिथेही सिल्व्हर घोस्टच उतरली आणि सह्याद्रीचे घाट चढत-उतरत ६२० मैल बिनबिघाड धावली. ती गाडी पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी विकत घेतली. घाटाने पारखलेली गाडी घेतली, हा खरा चोखंदळपणा.

चौमहल्ल्यात पिवळ्या गाडीची माहिती देताना ३५६ सोबत आणखी दोन आकडे द्यावेत: १५,००० आणि ६२०. बिदर-कलबुर्गीहून येणाऱ्या शाळकरी मुलांना कळू द्या की गाडीचा मोठेपणा रस्त्यावर ठरतो, आणि या गाडीला तो रस्ता कोणी दाखवलाच नाही.