नाणे दरबाराचे, बाजार रयतेचा

१/ नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात मीर लायक अली यांच्या नव्या सरकारची जुळणी झाली. ते उद्योगपती; व्यापारउदीम जाणणारे. त्यांच्याकडून हिशेबी कारभाराची अपेक्षा गैर नव्हती. प्रत्यक्षात त्यांच्या सरकारने आर्थिक पेचाला उत्तर दिले ते राजकीय ईर्ष्येने. #इतिहास #धागा

२/ हा पेच वसमतहून नीट दिसतो. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात होते. पूर्णा-हिंगोली लोहमार्ग येथूनच जातो. पूर्णेहून मनमाड गाठले की मुंबई प्रांत. हिंगोलीपुढे पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. दोन्ही वाटा भारतात उघडणाऱ्या.

३/ संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. कापूस बाहेर विकायचा, पेट्रोल-रॉकेल बाहेरून आणायचे. त्यात नाणी दोन : निजामाचा हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. १०० कलदारांना ११६ हाली, १० आणे, ८ पै. म्हणजे सहा कलदारांस सात हाली. घरच्या व्यवहाराला हाली पुरे. सरहद्दीपलीकडे कलदारच हवा.

४/ २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच काळात दोन अध्यादेश निघाले : भारतीय चलन संस्थानात ग्राह्य नाही, आणि मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध. पाकिस्तानला २० कोटींचे कर्जही देऊ केले गेले, तेही भारत सरकारच्याच कर्जरोख्यांत! भारताने याला करारभंग ठरवले.

५/ सार्वभौमत्वाची द्वाही फिरवायला हे निर्णय उपयोगी होते. पण ज्याचा माल मनमाडच्या वाटेने जातो, त्याच्या दृष्टीने कलदारावरची बंदी म्हणजे वाटेतच उभारलेली भिंत. नाणे दरबाराचे असले, तरी बाजार रयतेचा होता.

६/ प्रतिवाद असा, की कोंडी भारताने केली. त्यात तथ्य आहे. १९४८ मध्ये माल अडवला जात असल्याची हैदराबादची तक्रार होती. भारत सरकारने अधिकृत नाकेबंदी नाकारली, तरी टंचाई खरी होती आणि तिची झळ आधी गरिबाला लागली. हा दोष दिल्लीच्याही पदरात पडतो.

७/ मात्र आपली भिस्त शेजाऱ्यावर आहे, हे ठाऊक असलेल्या सरकारने आधी व्यापाराची वाट मोकळी करून घ्यायची असते. इथे सिडनी कॉटनच्या विमानांतून पाकिस्तानमार्गे शस्त्रे आली. रझाकारांना आवर घातला गेला नाही. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून गेली. पेरणारा आणि विकत घेणाराच परागंदा झाला, तर कोणता अध्यादेश बाजार भरवणार?

८/ तुलना बोलकी आहे. विलीनीकरणानंतर १९५० पासून भारतीय रुपया हालीसोबत चालू झाला. दर तोच, सहास सात. हाली पूर्णपणे रद्द झाला १९५९ मध्ये. जनतेला सवड मिळाली. अर्थात पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराचे, सुंदरलाल समितीने नोंदवलेले, काळे पान याने पुसले जात नाही. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

९/ १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम आठवताना रझाकार आठवतात, आणि ते योग्यच. पण आंदोलकांनी सरहद्दीवरचे करोडगिरी नाके का जाळले, हेही विचारावे. जकातीचे ते नाके म्हणजे रयतेच्या व्यवहारावर बसलेली सत्ता. लायक अलींना ताळेबंद वाचता येत होता. त्या नाक्यांवर धुमसणारा राग मात्र त्यांनी वाचला नाही.