टाळेबंदी उठली, हिशेब बाकी

१२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली आणि त्रेचाळीस दिवस बंद पडलेले अमेरिकेचे संघराज्य सरकार पुन्हा सुरू झाले. त्या देशाच्या इतिहासातील ही तोवरची सर्वांत दीर्घ सरकारबंदी. यापूर्वीचा पस्तीस दिवसांचा विक्रमही याच अध्यक्षांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१८-१९ च्या हिवाळ्यात झाला होता. तडजोड होताच प्रतिक्रियांना पूर आला. एका बाजूने विजयाचे नगारे वाजले, दुसऱ्या बाजूने विश्वासघाताचा आक्रोश झाला, आणि मधल्या शहाण्यांनी ‘अखेर विवेक जिंकला’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. या सर्व गदारोळात एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही : हे त्रेचाळीस दिवस कोणाच्या पोटातून वसूल झाले, आणि त्याबदली त्यांच्या पदरात काय पडले?

प्रथम शब्द नीट वापरू या. वृत्तपत्रे या प्रकाराला ‘शटडाऊन’ म्हणतात, जणू यंत्राची कळ बिघडली आणि चाके आपोआप थांबली. कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला याहून नेमका शब्द ठाऊक आहे. कामगाराने काम थांबवले तर तो संप. मालकाने दरवाजाला कुलूप घातले तर ती टाळेबंदी. वॉशिंग्टनमध्ये झाली ती टाळेबंदी होती. सुमारे चौदा लाख कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना घरी बसवण्यात आले आणि उरलेल्यांना बिनपगारी राबवण्यात आले. विमानांचे नियंत्रण करणारा, विमानतळावर झडती घेणारा, तुरुंगावर पहारा देणारा कर्मचारी रोज कामावर हजर होता आणि पगाराच्या दिवशी त्याच्या हाती शून्य पडत होते.

आपल्याकडील वाचकाला हे कोडे वाटेल. संसदीय पद्धतीत सरकारच्या खर्चाची मागणी सभागृहाने फेटाळली तर मंत्रिमंडळाला घरी जावे लागते. अर्थसंकल्प वेळेत संमत होत नसेल तर लेखानुदानाची सोय असते. सत्ताधाऱ्याच्या अपयशाची किंमत सत्ताधाऱ्याने मोजावी, हे त्यामागील तत्त्व. अमेरिकेत अध्यक्ष आपल्या जागी राहतो, सभासद आपल्या जागी राहतात, आणि शिपायाचा, कारकुनाचा, परिचारिकेचा पगार थांबतो. बरे, ही काही राज्यघटनेची आज्ञा नव्हे. १९८० पूर्वी निधीच्या मंजुरीत खंड पडला तरी कचेऱ्या बहुधा चालूच राहत. १९८० मध्ये तत्कालीन ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एका जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून ही प्रथा रूढ झाली. माणसाने केलेल्या अर्थाला निसर्गनियमाचा दर्जा मिळाला, एवढेच.

वादाचा विषय क्षुल्लक नव्हता. ओबामा यांच्या काळातील २०१० च्या आरोग्यविमा कायद्याखाली विमा घेणाऱ्यांना २०२१ पासून वाढीव अनुदान मिळत होते. त्याची मुदत २०२५ अखेर संपणार होती. सुमारे दोन कोटी वीस लाख माणसे या अनुदानाच्या आधाराने विमा घेत होती. ते बंद झाल्यास त्यांचा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १९०४ डॉलरवर जाईल, असा केएफएफ या आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज होता. सिनेटमध्ये शंभरांपैकी साठ मतांवाचून असे विधेयक पुढे सरकत नाही आणि रिपब्लिकन पक्षाकडे त्रेपन्नच मते होती. या एका अडसराच्या बळावर डेमोक्रॅटिक पक्षाने अनुदान वाचवल्याखेरीज संमती नाही, अशी भूमिका घेतली. भूमिका न्याय्य होती. औषधोपचार हा माणसाचा हक्क आहे असे मानणाऱ्या कोणालाही तिच्यात खोट काढता येणार नाही.

सरकारने त्याला उत्तर काय दिले? उपासमारीचे. ‘स्नॅप’ ही गरिबांना अन्नासाठी साहाय्य देणारी योजना. सुमारे चार कोटी वीस लाख लोक, म्हणजे दर आठ अमेरिकनांमागे एक, तेव्हा तिच्यावर विसंबून होते. नोव्हेंबरचे साहाय्य सरकारने रोखून धरले. राखीव निधी हाताशी होता. न्यायालयांनी तो वापरण्याचा आदेश दिला, तेव्हा पूर्ण रक्कम द्यावी लागू नये म्हणून सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि ज्या राज्यांनी पूर्ण रक्कम वाटली होती, त्यांना ते वाटप मागे घेण्याचे फर्मान निघाले. गरिबाच्या ताटातला घास परत मागण्यासाठी सरकारने वकील उभे केले! तिजोरीत पैसा नव्हता म्हणावे, तर सैनिकांच्या पगारासाठी संशोधनाच्या शीर्षातून तो सापडला. अर्जेंटिनाच्या चलनाला टेकू देण्यासाठी वीस अब्ज डॉलरची व्यवस्था याच ऑक्टोबरात झाली. व्हाइट हाउसचा पूर्वेकडील भाग पाडून तेथे नृत्यशाळा उभारण्याचे काम याच दिवसांत सुरू झाले. तिचा खर्च धनिकांच्या देणग्यांतून होणार आहे, असा खुलासा करण्यात आला. त्या खुलाशाने समाधान होणाऱ्यांनी खुशाल व्हावे.

अशा वेळी ९ नोव्हेंबरला डेमोक्रॅटिक गटातील आठ सिनेटरांनी आपली मते सरकारच्या पारड्यात टाकली. साठ विरुद्ध चाळीस मतांनी वाट मोकळी झाली. प्रतिनिधिगृहाने २२२ विरुद्ध २०९ मतांनी विधेयक संमत केले. तडजोडीतून मिळाले ते असे : ३० जानेवारी २०२६ पर्यंत निधी, अन्नसाहाय्य आणि काही खात्यांना संपूर्ण वर्षाची तरतूद, थकलेले पगार, आणि बंदीच्या काळात दिलेल्या बडतर्फीच्या नोटिसा मागे. ज्यासाठी लढाई पुकारली त्या विमा अनुदानाबाबत काय मिळाले? सिनेटमधील बहुमताचे नेते जॉन थून यांचे वचन, की डिसेंबरात या विषयावर मतदान घेऊ. प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी तेवढेही वचन दिले नाही. थून यांनी वचन पाळले. ११ डिसेंबरला मतदान झाले, अनुदान तीन वर्षे वाढवण्याच्या बाजूने ५१ मते पडली, साठ पडली नाहीत, आणि ३१ डिसेंबरला अनुदानाची मुदत संपली.

याच विधेयकात आणखी एक तरतूद गुपचूप शिरली होती. चौकशी यंत्रणांनी ज्यांच्या दूरध्वनीच्या नोंदी न कळवता मिळवल्या, त्या सिनेटरांना सरकारवर दावा लावून प्रत्येक भंगापोटी किमान पाच लाख डॉलर मागण्याची मुभा तिने दिली. पुढे प्रतिनिधिगृहाने ही तरतूद रद्द करण्याच्या बाजूने ४२६ विरुद्ध शून्य असे मतदान केले, पण विधेयक संमत करताना ती गिळलीच होती. कर्मचाऱ्याला स्वतःच्या घामाचा पगार मिळाला म्हणून उपकार मानायचे, आणि सिनेटराला पाच लाखांचा दावा. तडजोडीचे खरे स्वरूप या एका कलमात दिसते.

आता प्रतिक्रियांकडे वळू. अध्यक्षांनी याला मोठा विजय म्हटले आणि खंडणीपुढे आपण झुकणार नाही, असे स्वाक्षरीच्या वेळी बजावले. भुकेल्यांचे साहाय्य अडवून धरणाऱ्याने दुसऱ्याला खंडणीखोर म्हणावे, यावर टीकेची गरज नाही.

त्या आठ जणांचे म्हणणे मात्र गांभीर्याने ऐकले पाहिजे. जीन शाहीन म्हणाल्या की यापलीकडे दुसरा कोणताही पर्याय मिळणार नव्हता. अँगस किंग यांच्या मते ट्रम्प यांच्यासमोर अडून बसण्याचा हा मार्ग निष्फळ ठरला, उलट त्यांचीच सत्ता वाढली. टिम केन यांनी नोकऱ्या वाचवल्याचे समाधान व्यक्त केले. संघराज्य कर्मचाऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट केली यांनीही २७ ऑक्टोबरलाच बंदी ताबडतोब संपवा, अशी हाक दिली होती. ज्यांच्या घरची चूल विझली त्यांनी ‘पुरे’ म्हटले तर त्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार भरल्या पोटाने लढणाऱ्यांना नाही.

पण या युक्तिवादाचा शेवट कोठे होतो ते पाहा. सरकारने गरिबांना ओलीस धरले, म्हणून गरिबांच्या दयेपोटी सरकारचे म्हणणे मान्य करायचे. मग पुढच्या वेळी तेच सरकार काय करील? दुप्पट ओलीस धरील! आणि वेळही कोणती निवडली? ४ नोव्हेंबरला व्हर्जिनिया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरातील मतदारांनी सत्ताधाऱ्यांना झिडकारले होते. दुसऱ्याच दिवशी खुद्द ट्रम्प यांनी आपल्या सिनेटरांपुढे कबुली दिली की या बंदीचा फटका आपल्याला बसला. प्रतिपक्षाचा तोल जाऊ लागला आणि चार दिवसांत यांनी तलवार म्यान केली.

आणि म्हणून तिसऱ्या प्रतिक्रियेचा, संतापाचा, विचार करावा लागतो. बर्नी सँडर्स यांनी या मतदानाचा कठोर निषेध केला. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी याला शरणागती म्हटले. रो खन्ना यांनी पक्षाचे सिनेटमधील नेते चक शूमर यांना बदला, अशी मागणी केली. संताप खरा होता, पण आठ नावांची यादी करून तो थांबला तर फसगत होईल. या आठांपैकी एकालाही २०२६ मध्ये मतदारांसमोर जायचे नव्हते. दोघे तर निवृत्तच होणार होते. शूमर यांनी स्वतः विरुद्ध मत दिले, पण आपल्या गटातील फूट थांबवली नाही. ज्यांना किंमत मोजावी लागणार नाही नेमकी तेवढीच मते फुटली आणि नेत्यांचे हात स्वच्छ राहिले. हा योगायोग की सोय, ते वाचकांनीच ठरवावे. आठ जणांना बळीचे बकरे करून पक्ष पवित्र होत नाही.

मूळ दोष याहून खोल आहे. या पक्षाने वेढा देण्याची घोषणा केली, पण वेढ्यासाठी धान्य साठवले नाही. ज्यांचे पगार पणाला लागले त्यांच्या हाती ही लढाई सुरू करण्याचा अधिकार नव्हता आणि थांबवण्याचाही नव्हता. संघराज्य कर्मचाऱ्यांना कायद्याने संपाची बंदी आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये विमान नियंत्रकांनी संप केला, तेव्हा रेगन यांनी दोन दिवसांत अकरा हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केले. कामगाराने दोन दिवस काम थांबवले तर जन्माची नोकरी गेली. सरकारने त्रेचाळीस दिवस पगार थांबवला तर ती राजनीती ठरली. तरीही २०१९ ची बंदी विमान नियंत्रकांच्या गैरहजेरीने विमाने खोळंबताच उठली, आणि २०२५ मध्येही चाळीस विमानतळांवरील उड्डाणे कमी करण्याची पाळी आल्यावरच वॉशिंग्टनमधील हालचालींना वेग आला. सामर्थ्य भाषणे करणाऱ्यांपाशी नव्हते, बिनपगारी राबणाऱ्यांपाशी होते. त्या सामर्थ्याला संघटित करण्याचे काम मात्र कोणी केले नाही.

मुंबईच्या गिरणगावाने हा धडा फार महागात घेतला आहे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार स्वतःच्या निर्धाराने संपावर गेले. निर्धार अभंग होता. पण किती महिने टिकायचे, गावाकडे परतलेल्या कुटुंबांनी काय खायचे, आणि माघार घ्यावी लागली तर ती कोणत्या टप्प्यावर, या प्रश्नांची उत्तरे संपाआधी तयार नव्हती. तो संप रीतसर मागेही घेतला गेला नाही, आणि गिरण्या गेल्या. जेथे कामगारांनी आपणहून विस्तवात हात घातला तेथे ही गत, तर जेथे दुसऱ्यांचेच हात विस्तवात होते तेथे वेगळे काय व्हायचे?

अमेरिकन काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाच्या अंदाजानुसार सहा आठवड्यांच्या बंदीने देशाच्या उत्पन्नातील अकरा अब्ज डॉलर कायमचे बुडतात. त्यातील किती सफाई कामगारांचे, उपाहारगृहातील नोकरांचे, कंत्राटावरील पहारेकऱ्यांचे? संघराज्याच्या कायम कर्मचाऱ्याला थकबाकी मिळाली. कंत्राटी कामगाराला तशी कोणतीही कायदेशीर हमी नाही. ज्यांच्या नावाने दोन्ही बाजूंनी अश्रू ढाळले, त्यांची ही शेवटची रांग तडजोडीच्या मसुद्याबाहेरच राहिली.

कार्यकर्त्यांनी या प्रकरणातून घ्यायचा बोध दूरदेशीचा नाही. लढा पुकारण्यापूर्वी दोन प्रश्न सभेत मोठ्याने विचारावेत : झळ कोणाला बसणार, आणि निर्णयाच्या बैठकीत ते बसले आहेत का? पहिल्याचे उत्तर ‘गरिबांना’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे आले, तर घोषणा कितीही न्याय्य असली तरी ती दुसऱ्याच्या भाकरीवर लावलेली पैज आहे. आणि पैज लावणारे हरले म्हणजे फार तर एक निवडणूक हरतात. भाकरी मात्र ज्याची गेली, त्याचीच गेलेली असते.